एक्केचाळीस फुटाचं घर

१९ जुलै, शनिवार

आणि वर मलाच इचारतात, मोटर अजून खाली कशी. मोटर खाली हाय कारण मोटरला पाय न्हाईत आणि मला हात दोनच. हे पुण्यात कंपनीच्या गेटवर खुर्चीत बसून सांगणार, फ्रीज उचलून ठेव, मोटर काढ, गव्हाचं पिंप वर ने, मग रिपोर्ट दे. मिलिटरी सुटून सहा वर्षं झाली, रिपोर्ट काय सुटला न्हाई. जूनपासनं दोनदा सगळं स्लॅबवरच्या पत्र्याच्या खोलीत नेलं, दोनदा खाली आणलं. सोळा पायऱ्या. गुडघा कटकट वाजतोय.

आमच्या गावात घर किती खोल्यांचं ते कुणी इचारत न्हाई, किती फुटाचं ते इचारतात. सांगलीच्या पुलाला किती फूट झालं की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं, तो घराचा आकडा. समोरच्या संपतचं त्रेचाळीसचं. आमचं एक्केचाळीसचं. आता गावात पोरगी बघायला आलेले पण चहा प्यायच्या आधी हेच इचारतात.

आणि माळावर आमचे चार गुंठे मोकळे पडलेत. तिथं कुठलंच पाणी चढणार न्हाई. तीन वर्षांमागं दिवाळीत मी ह्यांना म्हटलं, दोन खोल्या टाकू तिथं. म्हणाले, "आई तयार न्हाई. तिच्यापुढं इषय पण काढू नको, तिचं बीपी चढतं." न्हाई काढला. तीन वर्षं दात धरून बसले. म्हातारीच्या हट्टापायी मी पायऱ्या चढते, म्हातारी खाटेवर बसून बघती.

२१ जुलै, सोमवार. पूल २६.

गहू वर नेला, निम्मा. ज्वारी वर. कागदं सगळी, रेशनकार्ड, सातबारा, ह्यांचं पेन्शनचं बुक, पिशवीत गुंडाळून कुकरात घातली न झाकण लावलं. भात आता पातेल्यात.

लोणच्याची बरणी उचलली तर आत्या खाटेवरनं, "हळू. लोणचं हाय ते, वीट न्हाई."
म्हटलं, "आवं आत्या, मग तुमीच धरा."
"मला धरता आलं असतं तर तुला आणली असती का ह्या घरात?"

सासू हाय, एक्क्याऐंशी वर्षांची. गुडघं गेलेत, तोंड शाबूत हाय.

फ्रीज एकटीनं हलंना. संपतला हाक मारली. त्यानं न मी मिळून दोन पिंपांवर चढवला. जाताना म्हणतोय, "वैनी, फ्रीजला पण दरसाल पंढरी घडवताय." हसण्यासारखं काय न्हाई त्यात.

२४ जुलै, गुरुवार. पूल २२.

ऊन पडलं. ह्यांचा फोन. "पाणी उतरतंय. गहू खाली घे, पत्र्याखाली तापून किडा पडंल."
म्हटलं, परवा परत चढलं तर?
"परवाचं परवा बघू. तुला सगळ्याची घाई."

खाली आणला. एकेक पाटी करून. पाठ धरली. बाम लावायला कोण न्हाई, हात पोचत न्हाई. दाराच्या कडंला बाम लावला न पाठ घासली. आत्या बघत होती. म्हणाली, "म्हशीगत काय घासतीस, हिकडं ये." गेले न्हाई.

२७ जुलै, रविवार

दिनकरचा फोन. माझा भाऊ, पाटणच्या वर राहतो, धरणाच्या अंगाला. "आक्का, तीन दिस झालं ढग हललं न्हाई. भोंगा वाजला आत्ता. पाणी सोडत्यात."
तिथनं सोडलं की आमच्याकडं दीड दिवस धरायचा. म्हंजे मंगळवार.

फोन ठेवला तर आत्या लगीच, "आलं का तुझ्या म्हायेरचं पाणी?"

अठ्ठावीस वर्षं हे ऐकतेय. तिकडं पाऊस पडला की इकडं माझी मान खाली. म्हायेराहून तांदूळ आला, साड्या आल्या, फणस आले, ते कुणाच्या ध्यानात न्हाई. पाणी तेवढं ध्यानात.

दिनू म्हणत होता, पंचमीला न्यायला येतो म्हणून ठरवलेलं, पण रस्त्यावर पाणी हाय. म्हटलं, नको येऊ. तसा आला असता तरी मी कुठं जाणार. म्हातारीला खाटेसकट घेऊन?

संपतनं दोन्ही म्हशी माळावर नेल्या, त्याच्या जनावरांबरोबर. मोठी जाईना, मागं वळून बघत होती. मी आत आले.

२८ जुलै, सोमवार. पूल ३३.

भावाचा उपवास. सकाळपासनं पाण्यावर.

आमच्याकडं नदी पुढच्या दारानं येत न्हाई. ओढ्याला फुग चढती, नदीचं पाणी ओढ्यात उलटं सरकतं, न गोठ्यामागच्या मोरीतनं पाणी गुपचूप आत. मोरीपुढं मातीची वीस पोती रचली तर चारपाच तास मिळतात, तेवढ्यात माणूस नीट बाहेर पडतो. दरसाल दोघं गडी लावतो. ह्या वर्षी गडी न्हाईत, जो तो आपलं घर उचलतोय. एकटीनं नऊ भरली. गहू परत वर. मोटर काढली एकदाची, नटाला गंज, पान्ह्यानं बोट सोललं.

दहाव्या पोत्याला डोळ्यापुढं काळं आलं. खाली बसले. राहिलेली अकरा उद्या.

आत्या म्हणाली, "उद्या पंचमी हाय. मातीला खोरं लावायचं न्हाई."
म्हटलं, उद्याचं उद्या बघू. ह्यांचंच वाक्य तोंडात आलं, त्याचा राग आला.

भाकऱ्या करून ठेवायच्या होत्या. उभं राहवंना.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.

वर पत्र्याच्या खोलीत बसून लिहिते. दुपारचे चार. जे झालं ते झालं त्या क्रमानं लिहिते, न्हाईतर उद्या फोनवर मलाच खोटं ठरवतील.

सकाळी पूल ३९. खोरं घेऊन मागं गेले. आत्या काठी टेकत मागनं आली. मातीच्या ढिगाऱ्यावर प्लास्टिकची खुर्ची मांडली न बसली. "खण. माझ्या पायाखालनं खण."
म्हटलं, "आत्या, पाणी आत आलं तर तुमचा नागोबापण वाहून जाईल."
"नागोबाचं ऱ्हाऊ दे. भाऊ एकच हाय न्हवं तुला?"

तिथं हात थांबला. मी असलं काय मानत न्हाई. अवसेला केस धुते, शनवारी नखं काढते. पण काल दिवसभर दिनूसाठी उपाशी राहायचं न आज मातीत खोरं मारायचं, न्हाई जमलं. तो तिकडं डोंगराखाली, वरनं पाऊस, दरड कवा येईल सांगता येत न्हाई. हातानं माती भरून बघितली. ओली, चिकट, निघंना. आत्या वरनं म्हणती, "नखानं पण नगं." खोरं भिंतीला लावलं न आत आले.

आज चिरायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई. उकडलेलं तेवढं चालतं. पुरणाची दिंडं केली अकरा. घरात भाकरी एक न्हाई. पूर तोंडावर आणि मी पुरण वाटत होते, हे लिहिताना पण तळपायाची आग होती.

बाराला संपत ट्रॅक्टर घेऊन दारात. ट्रॉलीत आधीच पंधरावीस माणसं. "वैनी, म्हातारीला घेऊन चला, शाळंत सोडतो."
आत्या म्हणाली, "निवद दाखवल्याबिगर उंबरा ओलांडणार न्हाई. दूध तापतंय."
संपत म्हणाला, "ह्यांना सोडून येतो. अर्ध्या तासात तयार ऱ्हावा."

निवद झाला. कुकर वर नेला. आत्याचं गाठोडं बांधलं. तेवढ्यात मागं बुडबुड असा आवाज, बाटली भरताना येतो तसा. गेले तर नऊ पोत्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी येत होतं, काय घाई न्हाई, आपलंच घर असल्यागत. पाच मिनिटांत घोटा. पुढं गल्लीत बघितलं तर तिथं पण गुडघाभर. लांबनं संपत हात हलवत होता, ट्रॅक्टर येत न्हाई.

आत्याला पाठीवर घेतली. सोळा पायऱ्या. तिचं वजन काय न्हाई, गव्हाच्या पोत्यापेक्षा हलकी. गळ्याला असं धरलेलं की श्वास अडकला. म्हटलं, "हात सैल सोडा." म्हणाली, "सोडला तर टाकशील." बाराव्या पायरीवर मला हसू आलं, का ते कळलं न्हाई.

फ्रीज पिंपांवरच राहिला. आत्याची खाट खाली.

३० जुलै, बुधवार. पूल ४३ म्हणतात.

चारी बाजूंनी पाणी. लाल, गढूळ, वर ऊस, चपला, कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं. पाऊस न्हाई. खोली दहा बाय दहा, त्यात गहू, ज्वारी, मोटर, धान्याची दोन पिंपं, आत्या न मी. पाय पसरायचं झालं तर पाळीपाळीनं.

दिंडं संपली. लाह्या हायत. ज्वारी हाय पण दळायची कशी. ग्रुपवर आलं, बोट आजारी माणसांना न बाळंतिणींना आधी. आमी दोघी धडधाकट म्हणून मागं. ह्यांचा फोन सकाळी. "पोझिशन काय?" म्हटलं, पोझिशन अशी की तुमची आई गव्हावर बसलीय. बॅटरी कमी म्हणून ठेवला.

दुपारी भांडण झालं. होणारच होतं. मी मोकळ्या कोपऱ्यात पातेलं ठेवलं, तर म्हणाली तिथं माझं पाय. मी म्हटलं, "पाय कुठं ठेवायचं ते माळावर गेलो असतो तर इचारायला लागलं नसतं."

म्हातारीनं पाय हलवलं न्हाईत. मग म्हणाली, "तेच म्हणते मी. तुझ्यापायी इथं कुजतोय आमी."
"माझ्यापायी?"
"माळावर तुला करमत न्हाई ना. शेजार न्हाई, दुकान न्हाई. माझ्या बाळूनं सांगितलंय मला. माळाचा इषय काढला तर म्हायेरी जाऊन बसंन म्हणालीस. म्हणून गप ऱ्हायले. म्हातारपणी सून गेली तर भाकरी कोण घालणार मला."

मी खाली बसले. म्हटलं, "आत्या, परत म्हणा."
परत म्हणाली. तेच. शब्द सुद्धा फिरले न्हाईत.
"कवा सांगितलं त्यांनी?"
"तीन वर्षं झाली. दिवाळीत. सकाळी अंगोळीच्या वक्ताला."
मला त्याच दिवशी संध्याकाळी. आई तयार न्हाई, बीपी.

मी तिला सगळं सांगितलं. तिनं काठी घेतली न पत्र्याच्या भिंतीवर दोनदा मारली. मग म्हणाली, "साळंत असताना पण असंच करायचा. मला सांगायचा मास्तरनं सोडलं. मास्तरला सांगायचा आईनं बोलावलं. आन स्वतः आंब्यावर."

दोघी हसलो. पुराच्या मधोमध, पत्र्याखाली. मग हसू थांबलं न एकमेकींकडं बघवंना. तीन वर्षं मी तिला मनात काय काय म्हटलं. तिनं मला काय म्हटलं असंल.

पातेलं मी दुसरीकडं ठेवलं. तिनं पाय आखडून घेतलं. आता तो कोपरा रिकामाच.

३१ जुलै, गुरुवार

पाणी थांबलंय. उतरत न्हाई, चढत न्हाई. खालनं भांड्यांचा आवाज येतो, एकमेकांवर आपटतात. आत्या कान देऊन सांगती, ही परात, हा पितळी डबा. बरोबर असावं, तिच्याच हातची भांडी.

कंटाळा असा की गव्हातले खडे येचले. दोघींनी. आत्याला दिसत न्हाई, बोटानं ओळखती.

मधेच म्हणाली, "मग अडलंय कुणाचं?"
मला पण तेच. ती तयार, मी तयार. मग तीन वर्षं अडलंय कुणाचं. एवढ्या सरळ गोष्टीला माणूस दोन बायकांना दोन खोटी का सांगंल. फोनला सात टक्के. सात टक्क्यांत इचारायचा प्रश्न न्हवं हा.

पाठ दाखवली तिला. बाम कुठं होता, खोबरेल होतं. चोळलं तिनं. हातात अजून जोर हाय म्हातारीच्या.

१ ऑगस्ट, शुक्रवार. पूल ४२.

सकाळी बोट. आत्याला उचलायला दोघं जण आले, अंगावर केशरी जाकिटं. तिनं त्यांना सांगितलं, "सुनंनं पाठीवर आणलंय मला वर, तिला इचारा कसं धरायचं."

शाळा. पाचवीचा वर्ग. तीस माणसं. खिचडी मिळाली, आत्यानं दोनदा घेतली.

फोन लावला चार्जिंगला. भरला तशी आत्यानं मला ह्यांना लावायला सांगितला, माझ्या हातनं घेतला, आवाज मोठा कर म्हणाली. पहिलंच, "बाळू, माळावर घर बांधायचं. मी तयार हाय. आपली शालन पण तयार हाय. तू काय म्हणतोस?"

तिकडनं, "आई, तू आधी आराम कर. हा इषय आता न्हवं."
"मग कवाचा?"
"आई, रेंज न्हाई नीट. कट होतंय."

रेंज चांगली होती. मागं त्यांच्या गेटवर गाडीचा हॉर्न वाजला तो सुद्धा आमाला स्पष्ट ऐकू आला.

३ ऑगस्ट, रविवार

पाणी दारातनं बाहेर. चिखल वीतभर. फ्रीज आडवा. खाट मोडली. भिंतीला मांडीएवढी रेघ. वास असा की नाकाला पदर बांधला तरी डोळ्यातनं पाणी. आत्याला शाळेतच ठेवलीय.

संपतचं घर थोडक्यात वाचलं, त्याच्या पायरीवरनं पाणी फिरलं. म्हशीचं सांगायला आला. दोन्ही नीट हायत. मग म्हणाला, "वैनी, माळावर बांधकाम काढताय ते बोलला न्हाईसा कुणी."
म्हटलं, "कसलं बांधकाम?"
"आखलंय की. खुंट्या मारल्यात चार कोपऱ्याला, दोरी बांधलीय. पावसाआधीचं हाय, चुना वाहून गेलाय. मला वाटलं तुमचंच."

खराटा तिथंच टाकला.

४ ऑगस्ट, सोमवार

माळावर गेले. चालत. दोन किलोमीटर चढ. म्हशींनी ओळखलं.

खुंट्या हायत. चार. बाभळीच्या, टोकाला लाल रंग. निळी दोरी, एका बाजूची तुटलेली. पावलं टाकून मोजलं, दोन खोल्या न पुढं व्हरांडा होईल एवढं. जास्तच. दार पूर्वेला ठेवल्यागत आखलंय.

कुणी आखलं? ह्यांनी आखलं असंल तर मला न सांगता, आईला न सांगता कुणासाठी? दुसऱ्या कुणी आखलं असंल तर कुणाच्या परवानगीनं? गेल्या दिवाळीनंतर हे गावात एकदाच आले, मे मध्ये, दोन दिवस. एक दिवस "मित्राकडं जातो" म्हणून सकाळी गेलेले, संध्याकाळी आले. चपलांना अशीच लाल माती. तवा धुवून ठेवल्या मीच.

एक खुंटी उपटायचा विचार आला. उपटली न्हाई. आमच्यासाठी पण असंल. असली तर चांगलंच. न्हाईतर ज्याची हाय त्यानं येऊन उपटावी, तोंड तरी दिसंल.

आत्याला सांगितलं. तिनं इचारलं, "दार कुठल्या दिशेला?" म्हटलं, पूर्वेला. म्हणाली, "मी कवा तरी म्हटलं होतं त्याला, घर असलं तर दार पूर्वेला पायजे." मग म्हणाली, "पण पूर्व समद्यांनाच लागती."

५ ऑगस्ट, मंगळवार

दोनदा फोन केला. एकदा बिझी. एकदा ड्युटीवर हाय, नंतर करतो. नंतर आलाच न्हाई.

मेसेज आला संध्याकाळी. "घर साफ झालं का. मोटर चालू करून बघ."

६ ऑगस्ट, बुधवार

आत्याला घरी आणली. खाली न्हाई, वर. पत्र्याच्या खोलीतच. गॅस वर घेतला. पहिल्यांदा तवा ठेवला, भाकरी केली. आत्या म्हणाली, करपली. करपली होती.

मग दोघींनी बसून ह्यांना बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं. मला नीट जमत न्हाई, बटण दाबून धरायला लागतं. दोनदा आत्यानं मधेच खोकलं. तिसऱ्यांदा झालं. मी बोलले, ती शेजारी बसून मान हलवत होती, ते तिकडं दिसत न्हाई हे तिला कोण सांगणार.

काय बोलले ते इथं पण लिहून ठेवते, शब्द फिरवले म्हणायला नको.

आवं, ऐका. मोटर चालू केली न्हाई न करणार न्हाई. खाली एक वाटी उतरणार न्हाई. आईला दिलेलं माझं नाव न मला दिलेलं आईचं नाव, दोन्ही आमी इथं समोरासमोर ठेवून बघितली. दोन्ही खोटी निघाली. आई तयार हाय. मी तयार हाय. माळावर चार खुंट्या हायत. आता तिसरं नाव काय ते सांगा. तुमचं असंल तर तुमचं सांगा, दुसऱ्याचं असंल तर दुसऱ्याचं. ओरडणार न्हाई, रडणार न्हाई. पण फोनवर न्हाई. रविवारी, दहा तारखेला, दुपारी बाराच्या आत, माळावर त्या खुंटीपाशी उभं राहून आमा दोघींना तोंडानं सांगायचं. संपतचा ट्रॅक्टर सांगून ठेवलाय, मी आत्यांना घेऊन तिथं आलेली असंन.